८२ लाख लगेच, की ८७ लाख दोन महिन्यांनी?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि. कर्वेनगरला आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. इमारत १९९८ सालची, फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, कर्ज २०११ मध्येच फिटलं. मुलगी नाशिकला असते, म्हणून आता तिकडेच जायचं ठरवलंय. नाशिकला ६० लाखांचा फ्लॅट पाहून दोन लाख टोकन दिलंय आणि बाकीचे पैसे दोन महिन्यांत द्यायचं कबूल केलंय. इथल्या फ्लॅटला दोन ग्राहक आलेत. एक व्यापारी गृहस्थ आहेत. ते ८२ लाख देतात, पंधरा दिवसांत सगळं उरकू म्हणतात, पण त्यातले १५ लाख रोख आणि ॲग्रीमेंट ६७ लाखांचं करायचं. दुसरं एक तरुण जोडपं, दोघंही हिंजवडीला नोकरीला. ते ८७ लाख देतात, सगळे बँकेतून, पण लोन काढणार आहेत, दीड-दोन महिने लागतील म्हणाले. आमचा एजंट म्हणतो, 'काकू, कॅश पार्टी सोडू नका, लोनवाल्यांचं काही खरं नसतं.' ह्यांचंही तेच, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? मुलगी म्हणते, पाच लाख म्हणजे काही थोडे नाहीत. काय करावं?
— सौ. व. द., पुणे

व. द. ताई,

आधी ते १५ लाख बाजूला काढू. ते मध्ये असेपर्यंत दोन ग्राहकांची तुलनाच होऊ शकत नाही.

घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. मग ते टोकन असो नाहीतर शेवटचा हप्ता. आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. तोही जेवढी रोख घेतली तेवढाच. म्हणजे १५ लाख घेतलेत तर १५ लाखांच्या दंडाची टांगती तलवार तुमच्या आणि तुमच्या यजमानांच्या डोक्यावर, त्या व्यापारी गृहस्थांच्या नव्हे. शिवाय समजा, रजिस्ट्रेशन झालं आणि गृहस्थ म्हणाले, 'काकू, पाच लाख पुढच्या महिन्यात देतो', तर दाद कुठे मागणार? ॲग्रीमेंटमध्ये ६७ लाख लिहिलेत आणि ६७ लाख तुम्हाला मिळालेत. वर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मालमत्तेच्या व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं दाव्यात किंवा दस्तात दिसलं, तर ते आयकर खात्याला कळवायचं. म्हणजे कोर्टात तोंड उघडलं तरी आपणच अडकायचं.

'सगळेच घेतात हो' असं एजंट म्हणेल. घेत असतील. पण तुम्ही कशासाठी घ्यायची, याचा हिशोब एकदा मांडून बघा. ॲग्रीमेंट कमी रकमेचं केलं की स्टॅम्प ड्यूटी वाचते ती ग्राहकाची. पुण्यात पुरुषाच्या नावाने घेतलं तर सगळे अधिभार धरून सात टक्के. त्याच्याकडचा नंबर दोनचा पैसाही परस्पर भिंतीत जिरतो, तोही त्याचाच फायदा. तुमचा म्हणून सांगतात तो फायदा एकच, टॅक्स वाचतो. पण तुम्हाला टॅक्स लागणार किती? घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात घातला तर तेवढ्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि तुम्ही नाशिकला ६० लाख घालताच आहात. फ्लॅट तुम्ही २००१ च्या आधी घेतला असेल, तर १ एप्रिल २००१ रोजी त्याची जी बाजारकिंमत होती ती मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यातूनही नफा उरला, तर त्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे मूळ किंमत न वाढवता) साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन धरून वीस टक्के, यातला जो कर कमी बसेल तो. सीएला दोन तास बसवून हा आकडा काढून घ्या. तो एवढा लहान निघण्याची शक्यता आहे की त्यासाठी १५ लाखांच्या दंडाची जोखीम घेणं तुम्हालाच हास्यास्पद वाटेल.

आणखी एक गंमत आहे. समजा, रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने, तुमच्या फ्लॅटची किंमत ७४ लाख निघते. ६७ लाखांचं ॲग्रीमेंट केलं, तर फरक दहा टक्क्यांच्या वर जातो. मग आयकर खातं तुमची विक्री ७४ लाखांचीच धरतं, कागदावर काहीही लिहा. स्टॅम्पसुद्धा ७४ वरच लागतो. म्हणजे रोख घेऊन लपवलं म्हणायचं, तर त्यातलं निम्मं आधीच उघडं. तुमच्या फ्लॅटचा रेकनरचा दर नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत दिसेल. तो पाहिल्याशिवाय कुठल्याही ग्राहकाशी ॲग्रीमेंटच्या रकमेवर बोलू नका.

तेव्हा व्यापारी गृहस्थांना निरोप द्या: ८२ लाख, सगळे बँकेतून, ॲग्रीमेंट ८२ चं. मान्य असेल तर पुढे बोलू. बहुतेक ते ७८ वर येतील. आले तर समजा की त्यांची खरी ऑफर ७८ चीच होती.

आता धरून चालू की त्यांनी ८२ पांढरे कबूल केले. इथून खरा प्रश्न सुरू होतो.

थांबण्याची किंमत काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. ८२ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर दिवसाला साधारण १,४६० रुपये व्याज. व्यापारी पंधरा दिवसांत आणि जोडपं साठ दिवसांत पैसे देणार असेल, तर पंचेचाळीस दिवसांचे सुमारे ६६ हजार. दीड महिन्याचा मेंटेनन्स, वीजबिल धरा, ७५ हजार म्हणा. हातात येणारा फरक ५ लाखांचा आहे. उरले सव्वाचार लाख. तुमचा प्रश्न एवढाच की लोन अडकण्याच्या भीतीपोटी सव्वाचार लाख सोडायचे का. एजंटला हे गणित वेगळं दिसतं, त्याच्यावर रागावू नका. त्याची दलाली दोन टक्के असेल, तर पाच लाखांच्या फरकात त्याला दहा हजार कमी-जास्त मिळणार. त्या दहा हजारांसाठी दोन महिने तो कशाला थांबेल?

लोन अडकतं ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या पगारापायी नाही. हिंजवडीतल्या दोन पगारांना बँका स्वतःहून फोन करतात. लोन अडकतं ते विकणाऱ्याच्या कपाटात. तुमची इमारत १९९८ ची, म्हणजे बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) दोघंही जरा जास्त वेळ घेणार. वकील मागची साखळी बघतो: बिल्डरबरोबरचं मूळ ॲग्रीमेंट, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र, सोसायटीचं ना-हरकत पत्र. व्हॅल्युअर येऊन मोजमाप घेतो, बाल्कनी आत घेतली असेल तर ती मंजूर नकाशात आहे का विचारतो आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य किती ते लिहितो. तुम्ही बाल्कनी आत घेतलीय का, पत्रात नाही. त्या काळच्या बहुतेक घरांतून घेतलेली असते. लपवू नका, आधीच सांगा.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती २०११ मध्ये फिटलेल्या कर्जाची. फिटलं ते ठीक, पण बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलंत का? मूळ ॲग्रीमेंट परत आलं का, की 'मिळालं असेल, वरच्या कपाटात बघते' असं आहे? सोसायटीच्या दप्तरात त्या बँकेचा बोजा नोंदवलेला असेल तर तो कमी केल्याचं पत्र हवं. हल्ली कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत न केल्यास उशिराला बँकेने दिवसाला पाच हजार भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो डिसेंबर २०२३ पासूनचा. २०११ चे कागद कुठे आहेत, ते तुम्हालाच शोधायचंय. आजच ती फाइल काढा, आणि जे नाही ते मिळवायला उद्यापासून सुरुवात करा. कोणालाही विकलंत तरी ते लागणारच आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना एक प्रश्न विचारा: गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या इमारतीत कोणी लोनवर फ्लॅट घेतलाय का, आणि कोणत्या बँकेतून? घेतला असेल तर त्या जोडप्याला त्याच बँकेत जायला सांगा. इमारतीचे आणि जमिनीचे कागद त्या बँकेच्या वकिलाने एकदा तपासलेले असतात, दुसऱ्यांदा आठ-दहा दिवसांत काम होतं. आणि कुणालाच लोन मिळालेलं नसेल, दोघांचं नाकारलं गेलं असेल, तर हा सगळा सल्ला उलटा फिरतो. मग ८२ पांढरे घ्या आणि मोकळ्या व्हा.

आता जोडप्याकडे बघू. 'लोन मंजूर आहे' म्हणाले, तर सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं मंजुरीपत्र, बघायला मागा. फोनवर आलेला 'तुम्ही ७५ लाखांच्या कर्जास पात्र आहात' हा मेसेज म्हणजे सँक्शन लेटर नव्हे. पत्रावर रक्कम किती, मुदत कधीपर्यंत आणि 'लीगल व टेक्निकल तपासणीच्या अधीन' असं लिहिलंय का ते वाचा. तसं असतंच, घाबरायचं कारण नाही. त्याचा अर्थ एवढाच की पगार बघून झालाय आणि तुमचं घर बघायचं राहिलंय.

मला जास्त रस आहे तो त्यांच्या स्वतःच्या पैशात. ३० ते ७५ लाखांच्या होम लोनला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. ८७ च्या ८० टक्के म्हणजे ६९ लाख ६० हजार. उरलेले १७ लाख ४० हजार त्यांचे. त्यावर स्टॅम्प ड्यूटी सात टक्क्यांनी सहा लाखांच्या वर, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, दलाली, वकील. हे सगळं खिशातून, कारण स्टॅम्पचा खर्च सहसा लोनमध्ये धरत नाहीत. म्हणजे त्यांच्याकडे पंचवीस-सव्वीस लाख रुपये आज कुठेतरी असायला हवेत. कुठे आहेत, हे मोकळेपणाने विचारा. एफडी, म्युच्युअल फंड, पीएफ असं उत्तर आलं तर छान. 'बाबा गावाकडची जमीन विकताहेत' असं आलं, तर तुम्ही आता त्या जमिनीच्या ग्राहकाचीही वाट बघताय. (स्टॅम्पचा एक टक्का वाचवायचा असेल तर फ्लॅट फक्त तिच्या एकटीच्या नावाने घ्यावा लागेल. तो त्यांच्या घरचा प्रश्न, पण सांगून बघा. वाचलेल्या ८७ हजारांनी त्यांची ओढाताण कमी होईल.)

आणि व्हॅल्युअरने किंमत ८० लाखच लावली तर? मग बँक ८० लाखांच्या ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देणार. साडेपाच लाखांची भर कोण घालणार? 'बँकेनेच ८० म्हटलंय, तुम्ही ८७ कशाला मागता' हा संवाद रजिस्ट्रेशनच्या आदल्या आठवड्यात होतो, तेव्हा विकणारा थकलेला असतो. म्हणून तो आजच करून टाका: व्हॅल्युएशन काहीही आलं तरी किंमत ८७, फरक तुमचा.

हे सगळं विसार पावतीत किंवा एमओयूमध्ये (प्राथमिक लेखी करारात) उतरवून घ्या, वकिलाकडून. टोकन चेकने किंवा ऑनलाइन, आणि पन्नास हजाराचं नको, किमान चार-पाच लाखांचं. पंचेचाळीस दिवसांत अंतिम मंजुरी आली नाही तर करार संपला. तुमच्या कागदांपायी लोन नाकारलं तर टोकन परत, त्यांच्या कारणाने मोडलं तर ठरलेली रक्कम कापून परत. मोठं टोकन आणि लिखित तारखा द्यायला जोडपं तयार असेल, तर ८७ चे ८६ करायला हरकत नाही. हा एक लाख मी आनंदाने सोडेन.

लोनच्या व्यवहारात सगळ्यात नाजूक दिवस कोणते, तर रजिस्ट्रेशन झाल्यापासून बँकेचा चेक मिळेपर्यंतचे. बँक बहुतेक वेळा नोंदवलेलं साठेखत (विक्रीचं ॲग्रीमेंट) आणि इंडेक्स टू हातात पडल्यावरच पैसे सोडते. म्हणजे तुमचा अंगठा आणि फोटो झालेला असतो आणि ७० लाख यायचे असतात. नोंदवलेलं साठेखत एकट्याने रद्द करता येत नाही, त्यांचीही सही लागते. यावर उपाय असा की त्यांचे स्वतःचे सतरा-साडेसतरा लाख रजिस्ट्रेशनच्या आधी तुमच्या खात्यात यावेत. बाकी रक्कम अमुक तारखेपर्यंत बँकेकडून येईल, तोवर ताबा देणार नाही, हे साठेखतातच असावं. किल्ली, शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफरचे फॉर्म आणि शेवटचं खरेदीखत, तिन्ही पैसे जमा झाल्यावर. मूळ कागद द्यायचे ते बँकेच्या माणसाच्या हातात, डीडीच्या बदल्यात, यादीवर त्याची सही घेऊन. जोडप्याकडे नाही, एजंटकडे तर नाहीच. 'काकू, फर्निचरचं माप घ्यायचंय, चार दिवस किल्ली द्या' असं नक्की होणार. माप घ्यायला या म्हणावं, चहाही देऊ, किल्ली माझ्याकडे राहील.

लोन नसलेल्या ग्राहकाकडे हा नाजूक आठवडा नसतो, हे मान्य. बँकेचा वकील नाही, व्हॅल्युअर नाही. पण ते व्यापारी ८२ लाख कुठून आणणार? माल विकून, उधारी वसूल करून, की आपला जुना फ्लॅट विकून? जुना फ्लॅट विकून असेल, आणि त्यांचा ग्राहक लोनवाला असेल, तर तुमची 'कॅश पार्टी' मुळात लोनवरच उभी आहे, फक्त ते लोन तुम्हाला दिसत नाही. बँक स्टेटमेंट किंवा एफडीची पावती दाखवा म्हणायला संकोच कसला? आणि रजिस्ट्रार ऑफिसात टोकन नंबर लागायच्या सुमारास 'आरटीजीएस केलंय, सर्व्हर स्लो आहे, तोवर सही करून घेऊ' असं म्हणाले तर खुर्चीवर बसून राहा. आरटीजीएस आता रात्रंदिवस चालतं. यूटीआर नंबरचा (बँक व्यवहाराच्या क्रमांकाचा) स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या खात्यात शिल्लक दिसली की अंगठा.

आता नाशिक. तुमची घाई सगळी तिथून येते, आणि ती घाई दोन्ही ग्राहकांना ठाऊक असेल तर भाव पडणारच. (एजंटला सांगितलं असेल तर ठाऊक आहे असं समजा.) नाशिकच्या विक्रेत्याला आजच फोन करून आणखी एक महिना मागून घ्या, लेखी. गरज पडली तर ५० हजार जास्त द्या. पाच लाखांसाठी थांबायचंय, त्यात ५० हजार गेले तरी चालतील. तुमच्या यजमानांच्या निवृत्तीच्या एफडी असतील तर त्यांवर बँक ओव्हरड्राफ्ट देते, एफडी न मोडता. नाशिकचा दुसरा हप्ता तेवढ्यावर भागेल.

माझं मत: सेक्रेटरींनी आधीच्या लोनची नावं सांगितली, तुमची २०११ ची फाइल पूर्ण निघाली आणि जोडप्याने आपले पंचवीस लाख दाखवले, तर ८७ घ्या. यातलं एक जरी डळमळीत असेल, तर ८२ पांढरे घ्या आणि पाच लाखांची हळहळ करत बसू नका. ६७ अधिक १५ मात्र कोणत्याही परिस्थितीत नको, भाव ९० झाला तरी. व्यापारी गृहस्थांना तोवर तोडू नका. 'घरात विचार चाललाय' म्हणा, खोटं नाहीच ते.

शेवटी एक बारीक काम. व्यवहार ५० लाखांच्या वरचा, त्यामुळे ग्राहक एक टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापूनच पैसे देणार, दोघांच्या पॅनवर आपापल्या हिश्श्याप्रमाणे. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वजा होतात, फक्त ते आपल्या पॅनवर जमा झालेले दिसेपर्यंत ग्राहकाचा पिच्छा सोडू नका. पण यजमानांचं आणि तुमचं पॅन आधारला जोडलेलं आहे ना, ते या आठवड्यात बघून ठेवा. नसेल तर एकाच्या जागी वीस टक्के कापायची वेळ येते, आणि नाशिकला द्यायच्या वेळी ते वीस टक्के सरकारकडे पडून असतील.